स्टेअरिंगवर कोणी नसलेल्या गाड्या

२०२३ साल. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा. त्या दिवशी बायकोचं वर्षश्राद्ध होतं.

आम्ही मुलुंडला राहतो. सून घाटावरची, तिला आमच्याकडचे वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ जमत नाही. बायकोच्या आवडीचं तेवढंच. ते करून आणणार होती चेंबूरची आक्का, म्हणजे बायकोची थोरली बहीण. पानात ते वाढल्याशिवाय श्राद्ध कसलं, असं मीच म्हटलं होतं. भटजींनी बजावलं होतं, बाराच्या आत पान ठेवायचं, त्यांना पुढे भांडुपला जायचं होतं.

मुलगा म्हणाला, "बाबा, मावशी रिक्षाने येईल. तू नको जाऊस."

"मी आणतो."

"मागच्या वेळी ठाण्याला जाऊन यायला दुपार केलीस. आज उशीर झाला ना, तर गाडीची चावी माझ्याकडे. आत्ताच सांगून ठेवतो."

"चाळीस वर्षं टॅक्सी चालवली मी या मुंबईत."

"झालं, सुरू झाली टॅक्सी," तो म्हणाला आणि पाट मांडायला गेला.

चावी माझ्या खिशात होती. मी निघालो.

मागच्या वेळी उशीर का झाला होता ते मी घरात सांगितलं नव्हतं. हायवेवर गाड्या वाहणारा ट्रेलर लागला होता. नव्या कोऱ्या गाड्या, खाली एक रांग, वर एक रांग, चाकांना पट्टे बांधलेले. तो पुढे असला की मला त्याच्या बाजूने गाडी काढता येत नाही. पाय आपोआप ब्रेकवर जातो. अपघात म्हणाल तर माझ्या हातून कधी झाला नाही, आणि तसल्या ट्रेलरवरून गाडी पडलेली मी पाहिलीही नाही.

टॅक्सीवाला रस्ता बघत नाही, माणूस बघतो. समोरच्या गाडीत कोण बसलाय, त्याची मान कुठे वळते, त्यावरून तो काय करणार ते कळतं. मी आयुष्यभर तशीच गाडी हाकली. त्या ट्रेलरवरच्या गाड्यांची तोंडं कधी कधी मागे असतात, म्हणजे आपल्याकडे. स्टेअरिंगवर कोणी नाही. खड्डा आला की सगळ्या एकदम माना हलवतात. मला त्यांच्याकडे बघवत नाही आणि नजर काढूनही घेता येत नाही.

बायको होती तेव्हा ती डावीकडे बसायची. पाठीला लावायला तिने एक उशी शिवली होती. ती गेल्यावर मी त्या सीटवर कोणाला बसू दिलं नाही. उशी तिथेच होती. सून मागे बसायची, मुलगासुद्धा मागे. कोणी विचारलं नाही.

त्या दिवशी आक्काही दोन डबे मांडीवर घेऊन मागेच बसली. चेंबूरहून निघालो, घाटकोपर गेलं. मला काही वाटत नव्हतं. वर्ष झालं, आता रडू येईल असं सगळे म्हणत होते. तेही येत नव्हतं. विक्रोळीला ट्रेलर दिसला.

मी वेग कमी केला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. एक बाईकवाला काचेजवळ येऊन म्हणाला, "काका, झोप लागली काय?" आणि गेला. मी ट्रेलरच्या मागेच राहिलो. वरच्या शेवटच्या पांढऱ्या गाडीचा पट्टा मला सैल वाटत होता. त्यावरून नजर हलेना. ट्रेलर डावीकडे वळला, मीही वळलो. तो पुलावर चढला, मीही चढलो.

मागून आक्का म्हणाली, "ह्यो रस्तो मुलुंडाक जाता?"

मी बाहेर बघितलं. गांधीनगरचा पूल संपत आला होता आणि पुढे पवई होती. चाळीस वर्षं टॅक्सी चालवलेला माणूस मुलुंडला जाताना पवईला पोचला होता.

तलावाजवळ मी गाडी बाजूला घेतली. ट्रेलर अंधेरीच्या दिशेने निघून गेला. आक्काने डब्याचं झाकण घट्ट केलं.

"भियातास तुमी," ती म्हणाली. "म्हाईत आसा माका."

"मी? कशाला?"

"ती सांगायची माका. म्हणायची, ट्रेलर इलो की मी आपला कायतरी बोलत रवतंय, तो मागे पडासर. तेंका मात्र कळाक देवचा नाय."

बायको अशी मध्येच बोलायला लागायची हे खरं. अहो, ऐकलंत का, वरची बाई कशी भांडली. अहो, सुरमई काय महाग झालीय. संपतच नसे. मी म्हणायचो, गप बस, गाडी चालवतोय दिसत नाही? ती गप बसत नसे. तिला बडबडीची सवय आहे असं मी समजत होतो. ट्रेलर कधी मागे पडला ते मला कळायचं नाही. भीती मी कोणाला दाखवली नाही, असंच मी धरून चाललो होतो.

"चला आता. वडे गार झाले," आक्का म्हणाली.

गाडी वळवून परत येईपर्यंत साडेबारा होऊन गेले. भटजी गेले होते. पान ठेवून झालं होतं, त्यात सुनेने केलेला वरणभात आणि खीर. वडे नव्हते, उसळ नव्हती. मुलगा सोवळ्यातच दारात उभा होता. आक्का चप्पल काढता काढता म्हणाली, "माझ्यामुळे उशीर झालो रे. वडे तळूक येळ लागलो."

तेवढ्यावर भागलं असतं. पण ती बोलली आणि मला वाटलं, ही आता दुसरी. एक आयुष्यभर झाकत बसली, आता ही झाकणार.

"वडे वेळेत झाले होते," मी म्हणालो. "मी चुकलो. ट्रेलरच्या मागे पवईला गेलो. मला त्या ट्रेलरची भीती वाटते."

मुलाने विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आईला माहीत होतं?"

"तिलाच माहीत होतं."

त्याने हात पुढे केला. मी चावी दिली. बोललेला शब्द होता, त्यात वाद नव्हता. त्याने ती फ्रिजवर ठेवली. सुनेने वडे गरम केले, मुलाने वेगळं पान वाढून गच्चीवर नेऊन ठेवलं. मीही जेवलो. वडे चांगले होते.

आक्का रात्री राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला चेंबूरला सोडायचं होतं. मुलगा दात घासत होता. त्याच्या समोर मी फ्रिजवरची चावी उचलली. तो ब्रश तोंडात धरून नुसता उभा राहिला. मी खाली गेलो, डावीकडचं दार उघडलं, उशी उचलून मागच्या सीटवर ठेवली आणि आक्काला पुढे बसवलं.

"आक्का," मी म्हणालो, "ट्रेलर दिसला की बोलत राहा."

आणि गाडी बाहेर काढली.