आप्पांचा मीटर

घरात एक संशयी माणूस असला, की बाकीच्यांना किस्से धुंडाळत फिरावं लागत नाही. माळ्यावर बोचकी साठतात ना, तसे ते आपोआप साठतात. आमचे शिवाजी पेठेतले घरमालक आप्पा तर असे, की सकाळी आरशात बघूनसुद्धा विचारत असतील, "कोण ओ पावणं तुमी?"

स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी कुरुंदवाडची, लग्न होऊन या घरात भाडेकरीण म्हणून आले. आमचे हे शाळामास्तर, तोंडातनं शब्द फुटायचा नाही. शेजारच्या खोलीत गणपा पैलवान. पुढच्या सोप्यात आप्पा आणि त्यांची बायको आक्का. आणि त्या वर्षी घरात सहावं माणूस आलं, ते म्हणजे विजेचा मीटर!

सगळ्या घराला मीटर एकच, आणि दिव्याचे पैसे भाड्यातच धरलेले. म्हणजे दिवा आम्ही लावायचा आणि जीव आप्पांचा जळायचा. आमच्या आधीच्या बिऱ्हाडाला त्यांनी नुसत्या संशयावरनं घालवलं होतं, हे मला पहिल्याच दिवशी आक्कांनी सांगून ठेवलं.

*

सोप्यातल्या या मीटरच्या काचेमागं एक चकती असायची. वीज वापरली की ती फिरायची. आप्पा पहिल्या दिवशी तिच्यासमोर पाट टाकून बसले, जेवले पण तिथंच. संध्याकाळी बघते तर मीटरला आक्कांचं जुनं लुगडं घट्ट गुंडाळलेलं!

"आप्पा, हे काय ओ?"

"दारातनं वारं लागतंय त्याला. वाऱ्यानं फिरणार त्यो, आन पैसं आमी भरायचं व्हय?"

महिन्यानं कंपनीचा माणूस आकडा बघायला आला. त्यानं एकेक वेढा सोडला, आत डोकावला आणि आक्कांना हळूच विचारलं, "बाळंतीण हाय काय आत?"

*

दिवा कोण किती वेळ जाळतंय, हे आप्पा हातानं तपासायचे. "काय, जेवला का?" असं विचारत खोलीत यायचे, स्टुलावर चढायचे आणि बल्ब चाचपायचे. कोमट लागला की झालं! "माझं पाऊल वाजल्यावर मालवलासा न्हवं?"

एकदा पैलवान जेवत होता. आप्पांची चाहूल लागली तसं त्यानं बटण बंद केलं. आप्पा अंधारात स्टुलावर चढले आणि तापलेला बल्ब मुठीत धरला. असे बोंबलले, की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली!

पैलवान अंधारातनंच म्हणाला, "आप्पा, ताप लई हाय काय? डाक्टर आणू?"

*

आंघोळीच्या पाण्याला परसात तांब्याचा बंब होता. त्यात घालायच्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, ज्याच्या त्याच्या. आपल्या शेणी भाडेकरू पळवतात म्हणून आप्पांनी काय करावं? बसून प्रत्येक शेणीला चुन्याचं बोट लावलं! आक्कांनी कपाळावर हात मारून घेतला.

पैलवानाला हे कळल्यावर तो चुन्याची डबी घेऊन निघाला. त्यानं आमच्या शेणींना बोट लावलं, स्वतःच्या शेणींना लावलं, नि मग सगळ्या गल्लीतल्या शेणींना लावत गेला. दुसऱ्या दिवशी आप्पा गल्लीत फिरून आले आणि सोप्यात मटकन बसले.

"आक्के," म्हणाले, "अख्खी पेठ चोर हाय की गं!"

*

मग धोंड्याचा महिना आला. वैशाखातला अधिक, आणि उन्हाचा नुसता वणवा. हातकणंगल्याचे जावई जेवायला यायचे होते. आक्का हट्टाला पेटल्या आणि माडीवरच्या खोलीत पंखा बसला. अख्खी गल्ली बघून गेली.

पण पंखा डोक्यात पडला तर? आप्पांनी जावयांची खाट ओढून पार कोपऱ्यात नेली. पंख्याचं बटणही एकाच्या आकड्यावर, दोनवर जायचं नाव नाही! मधोमध वारं मोकळं फिरतंय आणि जावई कोपऱ्यात घामानं डबडबलेले. शेवटी ते म्हणाले, "मामा, पंखा बघायला बोलिवलंय का वारं घ्यायला?"

त्यांना निरोप द्यायची वेळ आली आणि पेठेतली लाईट गेली. पंखा थांबला. आप्पांना हायसं वाटलं. जावई गाडीला गेले, तसं आप्पांनी खिडक्या लावल्या, वर्षाचे कांदे आत पसरले आणि माडीला कुलूप घातलं. "आता फुडच्या धोंड्याला उघडायची. उघडी ठिवली तर ही मंडळी वारं खात बसतील!" किल्ली करगोट्याला बांधली. लाईट दिवेलागणीला आली.

*

त्यानंतर आप्पांची झोप उडाली. भरदुपारी, घरात एक दिवा नाही, तरी चकती फिरायची!

माझी लेक तेव्हा तीन महिन्यांची. तिला रोज ऊन पाण्यानं आंघोळ, मला शेक. आप्पांनी दोन नि दोन चार केले आणि माझ्या दारात उभे राहिले. "मास्तरीणबाई, इजंची शेगडी कुठं दडिवलीय?"

मी कोळशाची शेगडी पुढं केली. म्हणाले, "ही दावायची. खाटंखालची काडा." खाटेखाली वाकून बघितलं, पाळण्यातलं दुपटंसुद्धा उचललं! काही सापडलं नाही, तसे जास्तच पेटले. "म्हयना सरला की खोल्या मोकळ्या करा."

तान्हं लेकरू घेऊन पावसाच्या तोंडावर जायचं कुठं? हे तर खाली मान घालून उभे. मला रडू आलं आणि रडता रडता असा संताप आला म्हणता!

"आप्पा," मी म्हटलं, "सगळ्यांची बटणं बंद करा. सगळ्यांनी सोप्यात या. मग बघू चकती कुणाच्या नावानं फिरतीय ते. माझ्या नावानं फिरली तर आजच जाते!"

पैलवानानं खोल्याखोल्यांतनं फिरून बटणं बंद केली. आप्पांनी स्वतः पुन्हा तपासली. आम्ही सगळे मीटरसमोर उभे राहिलो, लेक माझ्या खांद्यावर. चकती आपली संथ फिरतेय!

आप्पांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. आक्का म्हणाल्या, "माडी ऱ्हायली की ओ."

"माडीला कुलूप हाय!"

"आसंना का. उगडा."

वरात जिना चढली. आप्पांनी करगोट्याची किल्ली सोडली, कुलूप काढलं, दार लोटलं. आतनं गार वाऱ्याची झुळूक आमच्या तोंडावर आली. पंखा एकावर फिरत होता आणि खाली कांद्याची सालं खोलीभर नाचत होती.

पैलवानानं तोंडात पंचा कोंबला. आक्कांनी माझा हात घट्ट धरला. आम्ही सगळे आप्पांकडं बघत होतो, आणि आप्पा कोपऱ्यातल्या खाटेकडं.

उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नाही. हळूच मागं सरकले, पैलवानाला पुढं ढकललं आणि कुजबुजले, "पैलवान, खाटंखाली बघा... आत कोन ऱ्हातंय त्ये!"