म्हाताऱ्या बैलाची गव्हाण

आमच्या घरामागच्या जुन्या गोठ्याचं माझा लेक आता हॉटेल करतोय. काम सुरू व्हायच्या आधी माझ्या लेकीची पोर गोठ्याची मापं घ्यायला आली. लातूरला ती इमारतींचे नकाशे काढायला शिकते. टेपचं एक टोक तिनं माझ्याच हातात दिलं.

वैरण टाकायची गव्हाण मोजताना ती थांबली. "आजी, ही या टोकाला एवढी खाली का? मिस्त्री चुकला का?"

"चुकला न्हाई गं. तुझ्या आजोबांनी फोडली."

आमचा एक बैल लई म्हातारा झाला होता, त्याची मान वर होईना. यांनी त्याला बाजार दाखवला न्हाई. सब्बल घेऊन गव्हाण त्याच्यापुरती खाली केली अन् मातीनं लिंपली. मी टोमणा मारला, "मी चुलीला ओटा मागून थकले, अन् बैलाचं काम एका दिवसात?"

हे हसले. म्हणाले, "तू तोंडानं मागतीस. त्यानं कसं मागावं?"

हे ऐकून दारात उभा असलेला लेक म्हणाला, "आई, तिथं बेसिन येणार. फोडून सरळ करावीच लागंल."

पोरीनं मला विचारलं, "मग नकाशात सरळ काढू?"

"न्हाई माय. हाय तशी काढ."

तिनं तशीच काढली. आता ती गव्हाण तेवढी कागदावरच उरलीय.

काल गड्यांनी गव्हाण फोडली. सब्बलीचा आवाज तोच होता. बैलासाठी फोडली तेव्हा मी यांना गोठ्यात चहा नेऊन दिला होता. काल गड्यांसाठी चहा केला, पण तिकडं पाय उचलंना.