आभारांचा आकडा

आत्या कामावरून घरी आली की चप्पल काढायच्या आधी एक आकडा सांगायची. "आज नऊ." एखाद्या दिवशी "आज अकरा," आणि मग पिशवी खुंटीला जरा जोरात अडकवायची. कसले अकरा, हे आमच्याकडे कुणी विचारत नसे. ती ज्या चष्म्याच्या दुकानात कामाला होती, तिथल्या गोडबोलीला त्या दिवशी किती जणांनी धन्यवाद दिले, त्याची ती मोजदाद असायची.

गोडबोली म्हणजे काउंटरवरची बाई. हे नाव आत्यानेच ठेवलेलं. गिऱ्हाईक दारात आलं की ती उठून उभी राहायची, चेहऱ्याला शोभेल अशी फ्रेम काढून द्यायची, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा नंबर गोल अक्षरात कागदावर उतरवायची आणि तो कागद भिंतीतल्या वहीएवढ्या खिडकीतून मागे सरकवायची. मागच्या खोलीत आत्या. पाण्याची धार सोडलेल्या चाकावर काच धरून ती फ्रेमच्या आकारात घासायची, कडा गुळगुळीत करायची, बसवायची. असं बावीस वर्षं. काचेचा करडा गाळ तिच्या नखांत कायमचा बसला होता. कुठे जायचं असलं की ती लिंबाने बोटं चोळत बसायची, तरी तो निघत नसे.

तयार चष्मा खिडकीतून पुढे गेला की आत्याचं काम संपायचं. माणूस चष्मा लावायचा, आधी समोरच्या भिंतीकडे बघायचा, मग स्वतःच्या तळहाताकडे. मग मान वर करून गोडबोलीला म्हणायचा, "फार उपकार झाले बघा." हे सगळं आत्याला त्या खिडकीतून दिसायचं.

"घासते मी. ती नुसती फडक्याने पुसते," आत्या जेवताना म्हणायची. "आणि उपकार कुणाचे, तर पुसणारीचे."

"मग जा की तुम्हीच पुढे, वन्सं. हसत उभ्या राहा," आई म्हणायची.

"माझं तोंड त्यासाठी केलेलं नाही."

"ते आम्ही रोज बघतोच आहोत," बाबा ताटातून मान वर न करता म्हणायचे.

एकदा तिने युक्ती केली. छोट्या चिठ्ठ्या कापल्या, 'या काचा मागच्या खोलीत घासल्या आहेत' असं प्रत्येकीवर लिहिलं आणि चष्म्याच्या प्रत्येक डबीत एक सारली. आठवडाभर काहीच झालं नाही. मग एका माणसाने चिठ्ठी वाचून गोडबोलीला विचारलं, "म्हणजे आता घरी घासायच्या नाहीत का?" आम्ही पोट धरून हसलो. आत्या हसली नाही, पण चिठ्ठ्या घालत राहिली.

पुढचं सगळं त्या चिठ्ठीमुळेच झालं. शिवणकाम करणाऱ्या एक आजीबाई नवा चष्मा घेऊन परत आल्या. तो लावला की डोकं दुखायचं आणि सुईला दोन नेढी दिसायची. डबीतली चिठ्ठी काउंटरवर ठेवून त्या म्हणाल्या, "या मागच्या खोलीतल्या बाईंना बोलवा." बावीस वर्षांत आत्याला पुढे बोलावणं पहिल्यांदाच आलं होतं. ती हात पुसत, केस सारखे करत बाहेर आली आणि मग तिला कळलं की बोलावणं कशाचं आहे. उजव्या डोळ्याची काच डावीकडे बसली होती, डाव्याची उजवीकडे. मालकही खुर्चीवरून उठून आले.

आत्या तोंड उघडणार तेवढ्यात गोडबोली म्हणाली, "चूक माझी. मी कागदावर डावं-उजवं उलटं उतरवलं."

आत्या गप्प राहिली. "खरंच तसं असेल असं मला वाटलं," ती पुढे कितीदा तरी आईला सांगायची. मग जरा थांबून म्हणायची, "वाटून घेतलं."

"या वर्षातली ही तिसरी वेळ," मालक गोडबोलीला म्हणाले. "उद्यापासून येऊ नका." आणि आत्याकडे वळून, "तुम्ही पुढे बसा. मागे दुसरा कारागीर मिळेपर्यंत दोन्ही बघा."

त्या संध्याकाळी आकडा सांगितला गेला नाही. "उद्यापासून मी काउंटरवर," आत्या म्हणाली.

"आणि ती?" आईने विचारलं.

"तिच्याकडून चूक झाली." आणि आत्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं, जे ती कधी करत नसे.

दुसऱ्या दिवशी ती इस्त्रीचे कपडे घालून गेली. दुपारपर्यंत तिला चौघांनी धन्यवाद दिले. ते तिला आवडले, हे तिने कधी लपवलं नाही. मग एक माणूस आला आणि त्याने डबी काउंटरवर आपटली. काच फ्रेममध्ये हलते, पैसे घेऊन कचरा विकता, तुम्हाला लाज कशी वाटत नाही, असं तो शेजारच्या दुकानांत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बराच वेळ बोलत राहिला. आत्याने डबी उचलली. तो चष्मा घेऊन ती मागे गेली, तर हात इतका थरथरत होता की चाकाला लावताच काचेचा टवका उडाला.

नवी काच काढायची म्हणून त्याचा जुना कागद शोधायला तिने खण उघडला. सगळ्यात वर आजीबाईंचा कागद होता. गोल अक्षर. उजवा तिथे उजवा, डावा तिथे डावा. आणि मग तिला आठवलं, त्या काचांवर पेनाने डाव्या-उजव्याच्या खुणा करताना ती खिडकीतून सातवा धन्यवाद मोजत होती.

दुकान मालकांवर सोडून आत्या थेट गोडबोलीच्या घरी गेली. गोडबोली मटार सोलत बसली होती.

"खोटं का बोललीस?"

"बसा तर आधी, ताई."

"बसत नाही. का बोललीस?"

"त्यात काय, रोजचंच आहे. कुणी तक्रार घेऊन आलं की मी त्यांना बाहेरच्या बाकावर नेते. तिथलं तुमच्या खिडकीतून दिसत नाही. काल आजीबाई हटून बसल्या, म्हणून आतच झालं सगळं."

"रोज किती येतात?"

"मी कशाला मोजू." तिने एक शेंग सोलली. "तुम्ही बोलणी खाल्लीत आणि हात कापायला लागला, तर पुढची काच कोण घासणार? मला थोडंच येतंय."

"आणि आधीच्या दोन चुका?"

"एक तुमची. एक डॉक्टरांची."

"तुझी?"

"माझी व्हायची आहे अजून."

आत्या खाली बसली. तिला धन्यवाद म्हणायचं होतं. दुसऱ्यांच्या तोंडून हजारदा ऐकलेला शब्द, पण तिच्या तोंडून निघेना. मग तिने ओंजळभर शेंगा पुढ्यात ओढल्या आणि सोलायला लागली.

तिथून ती मालकांकडे गेली. "चूक माझी होती. काढायचं तर मला काढा."

मालक त्या माणसामुळे आधीच घामाघूम झाले होते. "मला काचा घासता येत नाहीत आणि बोलणीही खाता येत नाहीत," ते म्हणाले. "दोघी उद्यापासून आपापल्या जागी बसा."

आजीबाईंचा चष्मा आत्याने नव्याने केला आणि त्या आल्या तेव्हा स्वतः पुढे जाऊन दिला. आजीबाईंनी पिशवीतून सुई काढली, एका झटक्यात दोरा ओवला आणि आत्याचा हात धरला. "फार उपकार झाले, बाई."

"हिला म्हणा," आत्या गोडबोलीकडे बोट करून म्हणाली. "ती नसती तर आज मी इथे नसते." बोलताना अंग हलकं झालं, असं तिने आईला सांगितलं. मग तिला त्याची चटकच लागली. एका संध्याकाळी ती आईला म्हणाली, "वहिनी, इतकी वर्षं तू माझा डबा भरतेस. कधी बोलले नाही मी." आईने आधी तिच्या कपाळाला हात लावून बघितला.

हेवा गेला, असं मी म्हणणार नाही. गोडबोली केस नव्याने कापून आली की आत्या दोन दिवस घुश्शात असायची. पण गोडबोली कागद लांब धरून वाचायला लागली आहे, हेही आधी आत्यालाच दिसलं. जेवणाच्या सुट्टीत तिने दुकानातल्या सगळ्यात चांगल्या काचा घासल्या, त्यांचे पैसे स्वतः भरले आणि ती जवळचं वाचायची चाळशी खिडकीतून पुढे सरकवली. त्या दिवशी ती घरी गुणगुणत आली. गोडबोली काय म्हणाली, हे तिने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आत्या आजारी पडून घरी होती, तेव्हा गोडबोली दर रविवारी यायची आणि आईशी तासन्‌तास गप्पा मारायची. "मला बघायला येतेस की हिला?" आत्या पडल्या पडल्या कुरकुरायची. शेवटच्या रविवारी ऊन उतरायच्या सुमाराला गोडबोली निघाली. आत्याने डोळे उघडले आणि मला म्हणाली, "हिला खालपर्यंत सोडून ये. चाळशी नाकावर ठेवूनच जिना उतरते, ऐकत नाही."