बोनियात गाडीवान आणि देवाचा दगड

बोनियात आमच्या पोएटोव्हिओ शहरात दगड घेऊन यायचा. वरच्या डोंगरातल्या खाणीतून संगमरवर उतरवायचा, द्रावा नदीचा पूल ओलांडून पाथरवटांच्या आळीत टाकायचा आणि परतताना पुलाजवळच्या माझ्या खानावळीत चुलीपाशी वरीची पेज प्यायला बसायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लांब डोंगरापलीकडे दिलेली. माणसांशी तो जेमतेम बोले. बोलायचा तो ब्रोकशी. ब्रोक त्याचा बैल. वासरू असतानाच आई मेली म्हणून यानेच बोटावर दूध चाटवून वाढवलेला. जोडीचा दुसरा बैल भाड्याचा असे, आज हा तर उद्या तो.

एका वर्षी रोमच्या जकातनाक्यावरच्या गुलामांनी मिथ्र देवाचं नवं देऊळ बांधलं. अर्धं जमिनीत उतरलेलं, खिडकी नसलेलं. आम्हा बायकांना तिथे मज्जाव. त्यांचा म्होरक्या युटिक्स, नाक्याचा कारभारी. तोही गुलामच, पण बोलण्याचालण्यात मालकाचा रुबाब. त्याने खाणीवरच एका शिळेवर देवाची मूर्ती कोरून घेतली आणि आणायचं काम बोनियातला दिलं.

पुलाच्या अलीकडच्या उतारावर चिखल झाला होता. चाक घसरलं, सगळा भार ब्रोकवर आला आणि त्याचा पुढचा पाय मोडला. आवाज माझ्या चुलीपर्यंत आला. आम्ही धावलो. युटिक्सही आला. त्याने आधी मूर्तीभोवती गुंडाळलेल्या गवतात हात घालून देवाचं नाक चाचपलं. नाक शाबूत होतं. मग बैलाकडे पाहिलं आणि खाटकाला बोलवू का म्हणून विचारलं. बोनियातने नको म्हणून मान हलवली. माझ्याकडून सुरी मागून घेतली. एक हात ब्रोकच्या नाकावर ठेवला, स्वतःचं तोंड नदीकडे फिरवलं आणि उरकलं.

मांस युटिक्सच्या मंडळींनी रास्त मोल देऊन पंगतीसाठी नेलं. बोनियातलाही जेवायला बोलावलं होतं. हा गेला नाही. माझ्यापाशी बसून राहिला, पेजही तशीच निवून गेली.

दुसऱ्या दिवशी खाली अक्षरं कोरायला आणि रंग द्यायला तो दगड विबेन पाथरवटाच्या अंगणात उभा केला. बघायला सगळी आळी जमली, मीही गेले. देवाने बैलाच्या पाठीवर गुडघा रोवलेला, एका हाताने नाकपुड्या वर खेचलेल्या, दुसऱ्या हातातली सुरी बैलाच्या खांद्यात. कुत्रा आणि साप रक्ताकडे झेपावलेले, वरच्या कोपऱ्यात सूर्य आणि एक कावळा. दोन्ही अंगांना मशालवाले. एकाची मशाल वर, एकाची खाली. आणि देवाचं तोंड मागे वळलेलं.

बोनियात बराच वेळ बघत राहिला.

"हा पण बघत नाहीये," तो म्हणाला.

युटिक्सने शांतपणे समजावलं, की देव सूर्याकडे बघतोय, सूर्याचा हुकूम त्या कावळ्याने आणलाय, आणि बैल मेला म्हणून तर शेतं पिकतात.

"असेल," बोनियात म्हणाला. "कारभारी, खाली नावं घालणार ना? माझ्या ब्रोकचं घाला."

मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. युटिक्स हसला नाही. "अरे बाबा, इथं देवाचं नाव येतं आणि नवस फेडणाऱ्याचं."

"दगड त्यानं ओढलाय."

"ओढलाय खरा. पण नवस त्याचा नव्हता."

युटिक्स गेल्यावर विबेनने बोनियातला दगडाच्या मागे नेलं आणि खडबडीत पाठीवर छिन्नीने चार अक्षरं ओढली. त्याला वाचता येत नव्हतं, मलाही नाही. तो त्यावरून बोट फिरवत राहिला.

"नीट लिहिलंय ना?"

"माझं स्वतःचं नाव लिहावं तितकंच नीट लिहिलंय," विबेन म्हणाला.

दगड देवळात बसवायच्या दिवशी माणसं कमी पडली, म्हणून बोनियातलाही आत घेतलं. त्यानेही खांदा लावला आणि दगडाची ती नावाची पाठ कायमची भिंतीला टेकली. आत तळघरासारखा गारठा आहे, एवढंच त्याने मला सांगितलं. युटिक्स त्याला म्हणाला होता, आमच्यात ये, इथं सगळे एकमेकांचे भाऊ. याने विचारलं, पंगतीला काय असतं? कधी कोंबडी, कधी बैल, असं उत्तर आल्यावर हा उठून आला.

पुढे त्याने बैल घेतलाच नाही. गाडी मोडून टाकली आणि धक्क्यावर हमाली धरली. चालताना उजव्या अंगाला बैलाएवढी जागा मोकळी सोडायचा. लोक खुशाल तिथून घुसत. देवळात पंगत असली की हसण्याचे आवाज बाहेर येत. तेव्हा तो माझ्याकडेही यायचा नाही, नदीच्या खालच्या अंगाला जाऊन बसायचा. मुलीचा निरोप आला होता, बाबा इकडेच या म्हणून. मी म्हटलं, जा की, नातवंडं आहेत. "त्यांना कुठं माहीत आहे मी," तो म्हणाला आणि वाडगं धुऊन ठेवलं.

तिसऱ्या की चौथ्या हिवाळ्यात त्याला ताप भरला. हमालांच्या पडवीत सकाळी तो थंड पडलेला सापडला. युटिक्सची तोवर दुसऱ्या नाक्यावर बदली झाली होती. पुरायला दोन हमाल, विबेन आणि मी होतो. जमीन गोठलेली, खड्डा खणता खणेना. नंतर मुलीकडे मीठवाल्याबरोबर सांगावा धाडला. तो मीठवाला पुन्हा या वाटेने आला नाही, त्यामुळे तिला कळलं की नाही, मला ठाऊक नाही.