मशीन थांबतं तेव्हा

मायचं शिलाई मशीन पायाचं आहे. त्याला विजेची मोटर बसवून देतो असं बऱ्याच जणांनी सांगून पाहिलं, पण मोटर कोणाचं ऐकत नाही, नुसती पळत सुटते, म्हणून तिनं कधी बसवू दिली नाही. माझ्या लहानपणी पायाखालची पट्टी खालीवर होत असतानाच ती खिडकीतून शेजारणीशी भांडायची, माझे पाढे म्हणवून घ्यायची आणि भाजीवाल्याला परतही पाठवायची. पायाचा ठेका चुकायचा नाही. भांडण रंगलं की तो उलट जास्त पक्का व्हायचा.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मी स्वयंपाकघरात वांगी चिरत होते, ती पुढच्या खोलीत उशांच्या खोळी शिवत होती. मी सहज विचारलं, "माय, तिरोडीवाल्या मावशीच्या नातीचं लग्न कोणत्या महिन्यात झालं?"

मशीन थांबलं.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग उत्तर आलं, "फागुनात. कडक ऊन नव्हतं लागलं." उत्तर बरोबर होतं. मशीन पुन्हा सुरू झालं. मी वांगं चिरायचं विसरून सुरी हातात धरून उभी राहिले.

त्यानंतर मी जे केलं त्याला परीक्षा घेणं म्हणतात, पण तेव्हा मी त्याला गप्पा म्हणत होते. चहा घेतेस का, असं विचारलं तर ठेका तसाच राही. आज वार कोणता विचारलं तर तो मंदावे. मागच्या जयंतीला पाऊस आला होता का, असं विचारलं की थेट थांबे. उत्तरं चुकत नव्हती. चुकली असती तर निदान डॉक्टरला सांगायला काहीतरी हाती असतं. मी काय सांगणार होते? आई सगळं नीट सांगते, पण त्यासाठी तिला पाय थांबवावा लागतो?

पायमशीनची एक खोड असते. मध्येच थांबलेलं मशीन बेसावधपणे सुरू केलं की चाक उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. माय तेव्हा विहाराचे झेंडे शिवायला बसायची. वॉर्डातल्या जयंतीचे पंचशील झेंडे वर्षानुवर्षं तीच शिवते, पाच रंगांचे पट्टे जोडून. एकदा तिच्यामागून घडी घालताना मी शिवण उलटून पाहिली. जागोजागी गाठी होत्या. माझ्या प्रश्नांच्या. तेव्हापासून मी विचारणं बंद केलं, पण ऐकणं बंद करता येईना. ती शिवायला बसली की माझा जीव त्या आवाजाला बांधलेला असे. मी शहरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. स्मृती, मेंदू, वार्धक्य या विषयांवरची जेवढी पुस्तकं तिथं होती तेवढी वाचून काढली, आणि वाचणाऱ्या माणसाला भीती कमी वाटते हा माझा जुना समज त्यात गेला.

मग लालबर्रा रोडवरचा प्रसंग घडला. आम्ही दोघी रस्ता ओलांडत होतो. मी एक पाऊल पुढे. पलीकडच्या दुकानातून ओळखीच्या बाईनं हाक मारली, "मावशी, किती दिवसांनी दिसल्या, कोठी गेलत्या?" प्रश्न साधा होता, पण माय खोटं उत्तर देणारी नाही. कुठं गेलो होतो ते आठवायला ती रस्त्याच्या मधोमध थांबली. राइस मिलकडे धान घेऊन चाललेला ट्रक करकचून ब्रेक लावत तिच्या पदरापाशी येऊन उभा राहिला. ड्रायव्हर हिंदीत काय बोलला ते इथं लिहिण्याजोगं नाही. मी तिचा दंड धरला तेव्हा ती म्हणाली, "गोंदियाले गेलतो. डोळे दाखवाले." दुकानातल्या बाईला तिचं उत्तर मिळालं.

आम्ही पुन्हा गोंदियाला गेलो, या वेळी मेंदूच्या डॉक्टरकडे. त्यानं मायला व्हरांड्यात चालायला लावलं. ती छान चालली. मग म्हणाला, "आता चालता चालता मला भाज्यांची नावं सांगा." वांगी, भेंडी, दोडका इथपर्यंत ती पोहोचली आणि चौथ्या भाजीसाठी उभी राहिली. खुर्चीत बसवल्यावर तिनं इतक्या भाज्या सांगितल्या की डॉक्टरलाच थांबवावं लागलं.

तो मला म्हणाला, "आपल्याला वाटतं, पाय आपोआप चालतात. यांचे आता तसे चालत नाहीत. प्रत्येक पावलाकडे डोक्याला लक्ष द्यावं लागतं. तेवढ्यात डोक्याला दुसरं काम आलं की पाय थांबतात. कधी थांबत नाहीत, अडखळतात. त्या वेळी माणूस पडतो. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर पुढचं सगळं अवघड आहे. चालताना, चढताना यांच्याशी कोणी बोलू नका."

"हे वाढेल का?"

"बघावं लागेल."

ज्याला पुढचं ठाऊक असतं तो असं बोलत नाही, आणि ज्याला ठाऊक नसतं तोही सहसा बोलत नाही. परतीच्या गाडीत मी ते दोन शब्द सगळ्या बाजूंनी तपासून पाहिले. कुठूनही धीर देणारे दिसले नाहीत.

चालताना मायशी कोणी बोलू नये, हे ठरवणं सोपं होतं. आमच्या वॉर्डात ते पाळणं म्हणजे पाण्यात कोरडं राहण्यासारखं. इथं माणूस दिसला की विचारतात. उत्तराची कोणाला गरज नसते. तरीही विचारतात.

आणि अशात अध्यक्ष घरी आले.

हे आमच्या जयंती समितीचे अध्यक्ष. दरवर्षी चौकात जो फ्लेक्स लागतो त्यावर यांचा चेहरा सर्वांत मोठा असतो आणि ज्यांची जयंती आहे ते कोपऱ्यात सरकून त्यांना जागा करून देतात. 'व्यवस्था' हा त्यांचा आवडता शब्द. झेंडे शिवणाऱ्या माताजींचा यंदा मंचावर भव्य सत्कार करायचा ठरला आहे, असं त्यांनी जाहीर केलं. घरात आम्ही दोघीच होतो, पण जाहीरच केलं.

मी म्हटलं, "तिला बरं नसतं. शाल घरीच आणून दिली तर?"

"मॅडम, घरी? लोक काय म्हनतीन?"

माय मशीनवरून म्हणाली, "जातो मी."

ते गेल्यावर मी तिला समजावायला गेले. ती मशीनचा पट्टा पुसत होती. "बाई, इतके वर्स झेंडे शिवले. वर लागलेले खालूनच पाह्यले. एक डाव मलेबी वर बसू दे ना."

याच्यावर ग्रंथालयात उत्तर नव्हतं. मी अध्यक्षांच्या घरी गेले आणि एकच विनंती केली. ती पायऱ्या चढत असताना तिला कोणी काही विचारू नये. माईकवरून तर अजिबात नाही. पडली तर उठणार नाही, इतकं स्पष्ट सांगितलं.

"हौ मॅडम, बिलकुल. चिंताच नका करू. पूर्ण व्यवस्था राहीन."

जयंतीच्या सकाळी ऊन आठ वाजताच अंगावर आलं होतं. विहारासमोर लाकडी फळ्यांचा मंच, त्याला कठडा नसलेल्या पायऱ्या. मी मायचा हात धरायला गेले तर तिनं काढून घेतला. "मी का लंगडी हाय? खाली उभी राह्य." मी खाली उभी राहिले. पडलीच तर झेलता येईल अशा अंतरावर. मी आजवर धड चेंडूही झेललेला नाही.

ती पहिली पायरी चढली. अध्यक्ष माईकवर तिची स्तुती करत होते. स्तुतीचा धोका नव्हता, माय ती ऐकत नाही. दुसरी पायरी. मी तिच्या टाचांकडे बघत होते. तेवढ्यात अध्यक्षांचा आवाज दाटून आला. स्वतःच्या बोलण्यानं ते नेहमीच हेलावतात. म्हणाले, "माताजी, आज पूरे समाज को बताइए, आपला पहिला झेंडा तुम्ही कवा शिवला?"

मायचा उजवा पाय उचललेला होता. तो तिथंच राहिला.

मला काय चाललंय ते दिसत होतं. दुसरी कोणी असती तर 'लई वर्स झाले' म्हणून पुढे गेली असती. ही खरोखर शोधायला निघाली होती, मागच्या सगळ्या जयंत्यांमधून पहिल्या झेंड्यापर्यंत. आणि तिकडे जाताना तिनं स्वतःला एका पायावर, कठडा नसलेल्या फळीवर, तसंच सोडून दिलं होतं. तिचा पदर हलत होता. वारा नव्हता. लोकांना वाटलं, माताजी भारावल्या. त्यांनी टाळ्या सुरू केल्या, ज्याची त्याची चाल वेगळी. मला ओरडावंसं वाटलं, 'माय, पाय ठेव.' तोंड उघडलंही. पण माझं ओरडणं म्हणजे तिच्या डोक्याला आणखी एक काम. मी तोंड मिटलं. इतकी असहाय मी कधी झाले नव्हते. पुढे सरकले तर दचकेल, न सरकले तर पडेल.

मग तो पाय सावकाश खाली आला. ती वळली, नवी साडी सावरून पायरीवरच बसली आणि विचार करू लागली, घरी ओट्यावर बसते तशी.

"ही पोरगी पोटात होती तवा," ती म्हणाली. "निळा कपडा कमी पडला होता. माह्या लुगड्याचा लावला."

या वेळच्या टाळ्या खऱ्या होत्या. अध्यक्ष वाकून म्हणाले, "माताजी, इथं नका बसू, वर या, वर या, व्यवस्था आहे."

"येतो," माय म्हणाली. "तुमचं बोलनं होऊ द्या. मंग चढतो."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. विनंती त्यांना आत्ता आठवली असावी. त्यांनी माईक खाली घेतला. आमच्या जयंतीत माईक चालू असून कोणी बोलत नाही, असं मी तेव्हाच पाहिलं. माय उठली. फळ्यांवर तिच्या चपलांचा आवाज येऊ लागला. एक, मग जरा थांबून एक. प्रत्येक दोन आवाजांच्या मध्ये मी एकदा मरत होते. ती वर पोचली, खुर्चीत बसली आणि समोर दोरीवर लावलेल्या आपल्या झेंड्यांकडे बघत राहिली. शाल कोणी घातली हेही तिनं पाहिलं नसावं.

घरी परतताना मी तिच्या बाजूनं, रस्त्याच्या कडेनं, तोंड बंद करून चालले होते. भरवेलीकडून येणाऱ्या मोटारसायकली झेंडे लावून जात होत्या. अर्ध्या वाटेवर तीच म्हणाली, "मंग बाई, किती मार्क भेटले मले?"

मी तिच्याकडे पाहिलं.

"हिवाळ्यापासून विचारून राह्यली ना तू. वार कोणता, लग्न कवा. मले का समजत नाही?"

हे बोलताना तिचं पाऊल चुकलं नव्हतं. एक क्षण मला केवढा आनंद झाला. पण आता ती माझ्या उत्तराची वाट पाहत होती, आणि वाट पाहणं हेही कामच. ती थांबली. मागून हॉर्न वाजला. मी तिच्या आणि रस्त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिले. मोटारसायकल निघून गेली. थोड्या वेळानं तिनं माझा नाद सोडला असावा. तिचे पाय पुन्हा चालू लागले.

घरी आल्यावर शाल खुंटीला लावून ती मशीनवर बसली. एका झेंड्याची कड उसवली होती. मी स्वयंपाकघरात गेले आणि भात टाकला. तिच्या प्रश्नाचं उत्तर तोवर माझ्याजवळ तयार झालं होतं: मी घाबरले आहे, म्हणून विचारत होते. ते सांगायला दारापर्यंत आलेही. मशीन चालू होतं, ठेका बरा होता. मी दारातच उभी राहिले. शिवण संपून ते आपणहून थांबेल, मग सांगू.