पेन्सिलीने दिलेले मार्क

मॅडम मार्क पेन्सिलीने द्यायच्या. कर्जतच्या आमच्या कॉलेजात बाकीचे प्राध्यापक लाल पेन वापरत. मॅडमच्या अंबाड्यात मात्र एक पिवळी पेन्सिल खोचलेली असे. शाईची पाळी अगदी शेवटी, यादी ऑफिसात जाताना यायची. तोवर त्या म्हणत, "अजून विचार बदलू शकतो. माझाही आणि तुमचाही." वर्गाने त्यांचे नाव पेन्सिल मॅडम ठेवले होते. त्यांना ते ठाऊक होते आणि आवडत होते.

त्या खालापूरच्या. स्कूटरवरून यायच्या आणि आम्हाला कॉम्प्युटर शिकवायच्या. वर्गात पुस्तकी मराठी आणि स्वच्छ इंग्रजी. खूश झाल्या की गावची बोली. त्यामुळे निकाल आम्हाला आधीच कळे. "प्रोग्रॅम चांगला आहे" म्हणजे जेमतेम पास. "ब्येस हाय रं" म्हणजे पैकीच्या पैकी.

रिकर्शन, म्हणजे प्रोग्रॅमने स्वतःलाच पुन्हा बोलावणे, शिकवताना त्यांचे काम ठरलेले होते. आसपासच्या गावांची नावे घ्यायची आणि चौकोनी जाळीत आडवी-उभी लपवून शब्दकोडे तयार करणारा प्रोग्रॅम लिहायचा. एक नाव बसवले की प्रोग्रॅमने स्वतःलाच पुन्हा बोलवायचे आणि पुढचे नाव हाती द्यायचे. पुढचे बसले नाही, तर शेवटचे बसवलेले नाव उचलून दुसरीकडे ठेवायचे. जमले नाही, तर त्याच्या आधीचे. "मागे फिरण्यात कसली लाज?" हे त्यांचे वाक्य त्या महिन्यात रोज ऐकू येई.

तपासण्याची त्यांची रीत वेगळी होती. प्रोग्रॅम त्या नंतर वाचत. आधी छापलेले कोडे घेऊन बसत आणि स्वतः सोडवत. आमच्या वर्षी एका मुलीच्या कोड्यात अक्षरे एका घरात आणि काना-वेलांट्या शेजारच्या घरात पडल्या होत्या. मशीनने त्या वेगळ्या मोजल्या होत्या. मॅडमनी चष्मा वर केला. "अगं, ही वेलांटी एकटीच कुठं निघाली?" स्टाफरूम हसली. ती मुलगीही हसली आणि कागद घेऊन लॅबकडे पळाली.

त्याच वर्षी प्रशांत आणि सागर यांचे प्रोग्रॅम सारखे निघाले. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नव्हता. प्रशांत चौकचा, वडिलांचे गॅरेज. पुण्याच्या एका कंपनीत त्याची निवड झाली होती आणि अट एकच होती, सगळे विषय पास. सागर नेरळचा. विभागप्रमुख म्हणाले, "दोघांनाही शून्य." शून्य म्हणजे विषय गेला आणि प्रशांतची नोकरीही गेली.

"प्रोग्रॅम कुणाचा ते परीक्षकानं ठरवायचं असतं ना, सर?" मॅडमनी विचारले. "मग मला ठरवू द्या."

त्यांनी सगळा वर्ग मागच्या अंगणात आणला. फरशीवर खडूने जाळी आखली, गावांची नावे फळ्यावर लिहिली. "मशीन नाही. आता तुम्हीच मशीन."

प्रशांतने खडू घेतला. भिवपुरी बसले, कर्जत बसले, चौक बसले. शेवटच्या नेरळला जागा उरली नाही. त्याने जाळीकडे पाहिले, फक्त चौक पुसले, ते कोपऱ्यात नेले आणि नेरळ बसवले.

मग जाळी कोरी केली आणि सागरची पाळी आली. तोही नेरळपाशी अडला. त्याने डस्टर घेतला आणि अख्खी जाळी पुसली.

त्याच्या प्रोग्रॅमात तर एकच नाव उचलले जात होते. सागरलाच कळले. "मॅडम, मी नाय लिहिला. ह्याच्याकडनं घेतला."

"कळलं नव्हतं तर विचारलं का नाय रं?"

"सगळ्यांना कळलं होतं, मॅडम."

"सगळ्यांना?" मॅडम वर्गाकडे वळल्या. "कोण सगळे? हात वर करा बघू."

प्रशांतचा हात वर गेला. बाकी आम्ही फरशी पाहत होतो. मॅडम इतक्या हसल्या की अंबाड्यातली पेन्सिल खाली पडली.

निकाल त्यांनी तिथेच दिला. सागरने सोमवारपर्यंत स्वतःचा प्रोग्रॅम लिहायचा. प्रशांतने त्याला समजावायचे, लिहून द्यायचे नाही. "आणि तुझे मार्क तोवर थांबणार, प्रशांत. याचं उत्तर आलं की मग तुझं उत्तर. रिकर्शनमध्ये असंच असतं."

"मॅडम, माझी नोकरी!"

"मग नीट शिकव."

विभागप्रमुखांनी नियमाची आठवण करून दिली. मॅडमनी मार्कांची यादी पुढे केली. दोन्ही नावांपुढे पेन्सिलीने शून्य लिहिलेले होते. "लिहिलंय, सर. यादी सोमवारी संध्याकाळी द्यायची आहे."

मलाही कळले नव्हतेच, म्हणून शनिवार आणि रविवार प्रशांत, सागर आणि मी चौकच्या गॅरेजात होतो. प्रशांतने जुन्या टायरवर पत्रा टाकला आणि त्यावर नट मांडून नावे बसवून दाखवली. सागर पुन्हा पुन्हा सगळे नट गोळा करायचा. "अरे, एकच उचल रं, एकच!" प्रशांत ओरडायचा. त्याचे वडील गाडीखालून म्हणाले, "नट जागेवर ठेवा, बाबांनो. मला गाडी द्यायचीय." रविवारी दुपारी सागर मधेच थांबला. "म्हंजे हा स्वतःलाच हाक मारतो, आणि उत्तर येईपर्यंत गप वाट बघतो?"

"मग दोन दिवस मी काय बोंबलतोय?"

सोमवारी मॅडमनी सागरचे कोडे सोडवायला घेतले. चहा गार झाला. सगळी गावे सापडली, चौक सापडेना. दारात प्रशांत नखे खात उभा होता. "दोन अक्षरं, आणि कुठं दडवलीस रं?" अखेर खालून वर लिहिलेले चौक त्यांनी शोधले आणि मग प्रोग्रॅम ओळीने वाचला. यादीवरची दोन शून्ये खोडरबराने गेली. "ब्येस हाय," त्या म्हणाल्या. प्रशांतने सागरला उचललेच.

यंदा मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला सागर एक छापील कोडे घेऊन आला. त्यात आमच्या वर्गातल्या प्रत्येकाचे गाव होते. मॅडमनी व्यासपीठावरच पेन्सिल काढली. प्राचार्य शाल-श्रीफळ घेऊन उभे राहिले, भाषण करणारे दोनदा खाकरले. मॅडम शोधत होत्या.

"यात खालापूर नाय," त्या शेवटी म्हणाल्या.

"नाय बसलं, मॅडम. लय मागं फिरलो, तरी नाय बसलं."

"मग जाळी मोठी करायची. कुणाला बाहेर ठेवून कोडं पुरं होतं का?" त्यांनी खाली चार घरे आखली, त्यात आपले गाव लिहिले आणि कोपऱ्यात मार्क टाकले: दहापैकी नऊ. "एक राहिला. नीट करून घरी आन, मग देते. घर म्हाईत हाय ना?"

पुढच्याच रविवारी सागर खालापूरला जाऊन मोठ्या जाळीचे कोडे देऊन आला. दहा मिळाले. पेन्सिलीनेच.