कोंडवाड्यातली बाग

मांडवफाट्याला ग्रामपंचायत होती तेव्हा एक दिवसाआड पाणी यायचं. मग नगरपंचायत झाली, कचेरीला निळा रंग लागला, मुख्याधिकारी आले, नगराध्यक्ष झाले, आणि पाणी एक दिवसाआडच येत राहिलं. ते सोडणारा माणूसही बदलला नाही. बबनराव रासकर आधी पंचायतीचे होते, नंतर नगरपंचायतीचे झाले. हातातली लोखंडी चावी तीच, सायकल तीच, आणि "आमच्या आळीला कमी सोडता" ही बायकांची तक्रारही तीच.

माणूस नाकासमोर चालणारा. इतका, की त्याचा लोकांना जाच व्हायचा. शिरूर-दौंड रस्त्यावरच्या या गावात कुणाच्या घरी लग्न निघालं आणि पाणी जास्त वेळ लागणार असलं, की लोक बबनरावांकडे जायच्या आधी एकमेकांकडे जायचे, तुम्ही सांगून बघा म्हणून. कुणी सांगून काही होत नसे. सगळ्यांच्या लग्नाला सारखंच पाणी, मग ते सरपंचाच्या घरचं असो नाहीतर त्यांच्या स्वतःच्या मेव्हणीचं. मेव्हणीच्या लग्नात हंड्यांची रांग लागली होती आणि त्यांची बायको धुरपदा मांडवातच सगळ्यांसमोर त्यांना जे बोलली, ते गावानं पुढं कितीतरी वर्षं चवीनं सांगितलं.

पाण्याची टाकी गावाच्या तोंडाशी, डांबरी रस्त्याला लागून. तिच्या पायथ्याला दहा गुंठ्यांचा कोंडवाडा. पूर्वी मोकाट जनावरं शेतात शिरली की तिथं आणून कोंडायची आणि मालकाकडून दंड घेऊन सोडायची. पुढं घरोघर जर्सी गायी आल्या. लाखाची गाय कोण मोकाट सोडतो? कोंडवाडा ओस पडला. मागं राहिलं ते वर्षानुवर्षांचं शेण मुरलेली काळी माती आणि टाकीच्या मुख्य लाईनचा एक गळका व्हॉल्व. व्हॉल्व दुरुस्त करायचा अर्ज बबनरावांनी पंचायतीत दिला होता. अर्ज गेला तो गेलाच. पाणी मात्र रोज कोंडवाड्यात मुरत राहिलं. खत आयतं, पाणी आयतं, आणि ते वाया जाताना बघणारा माळ्याच्या घरचा. वाटणीत आलेल्या जिरायती तुकड्यात ज्याची हौस कधी फिटली नाही, त्याला दुसरं काय सुचणार?

पहिल्या वर्षी झेंडू लावला. दुसऱ्या वर्षी शेवंती. मग मोगरा, कण्हेर, अनंत, गावठी गुलाब. कोंडवाड्याची भिंत पडत आली होती, तिच्या विटा काढून त्यांनी वाफ्यांना कड केली. मोठं झाड एकही लावलं नाही, कारण खालून पाईपलाईन जात होती. दोघातिघांनी आपापल्या म्हाताऱ्यांच्या नावानं सिमेंटचे बाक आणून टाकले. संध्याकाळी तिथं माणसं टेकायला लागली, पोरं धुडगूस घालायला लागली, आणि पोपटरावानं रस्त्याच्या कडेला चहाची टपरी टाकली. ती चांगली चालली. बबनरावांनी मात्र तिथलं एक फूल कधी विकलं नाही. जागा गावाची, पाणी गावाचं, मग फूल विकलं तर ते खाल्ल्यासारखंच, असा त्यांचा हिशेब. दसऱ्याला झेंडूचा भाव कडाडला की धुरपदा बागेकडे बघायची आणि नवऱ्याकडे बघायची. बोलायची नाही, पण दोन दिवस भाजीत मीठ जास्त पडायचं.

नगरपंचायत झाल्यावर गावाचा विकास आराखडा करायला पुण्याची माणसं आली. त्यांनी टाकीखाली फुलं पाहिली आणि नकाशावर तेवढा तुकडा हिरवा रंगवून टाकला. बगीचा. कचेरीतला क्लार्क सतीश यानं बबनरावांना बोलावून नकाशा दाखवला. सातवी शिकलेल्या बबनरावांनी तो हिरवा चौकोन वाचला, मग बोटानं चाचपला, आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी काही काम नसताना पुन्हा कचेरीत गेले आणि पुन्हा बघून आले. त्यांच्या आयुष्यात त्यांना एवढंच बक्षीस मिळालं, आणि त्यांना ते पुरलं.

मागच्या उन्हाळ्यात हौसरावांच्या गोठ्याला आग लागली. कडब्याची गंज पेटली, वारं होतं, आणि गोठा गंजीला लागूनच. फोन झाले. बंब कुरकुंभहून निघाला, पण अंतर ते अंतरच. तोवर बबनरावांनी सगळ्या आळ्यांचं पाणी बंद करून ते त्या एका लाईनला वळवलं. नळीतून पाणी आलं ते करंगळीएवढं. चावी टाकून ते स्वतः गोठ्यात शिरले आणि एका म्हशीचं दावं कापलं. बाकीच्या दोन दाव्यालाच जळाल्या. बंब आला तेव्हा विझवायला राख होती. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. भाजलेल्या हाताला हळद लावून बसलेले बबनराव त्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणाले होते, "गावात बंब पायजे. काय बी करा, पन पायजे."

हौसरावांचा मुलगा पृथ्वीराज हा नगराध्यक्ष. वय लहान, पण बोलल्यासारखं करणारा. त्यानं मंत्रालयापर्यंत चकरा मारून अग्निशमन केंद्र मंजूर करून आणलं. आता जागा हवी. डांबरी रस्त्याला लागून, पाण्याजवळ, आणि नगरपंचायतीच्या मालकीची. अशी जागा गावात एकच होती.

नकाशावर ती हिरवी होती. हिरवा रंग काढून तिथं अग्निशमन केंद्र लिहायचं तर ठराव, हरकती, पुण्याला फाईल असं सगळं आलं. ते झालं. हरकत कुणीच घेतली नाही, बबनरावांनीही नाही. घोडं अडलं शेवटच्या कागदावर. बाग झालेली असली तर जागेचं आरक्षण बदलायला वरचे लोक नाही म्हणतात. ती झालीच नसली, नुसती नकाशावरच असली, तर प्रश्न मिटतो. म्हणून जागेवर जाऊन दोन पंचांच्या सहीनं पंचनामा करायचा होता, आणि टाकीवर इतकी वर्षं नोकरी केलेल्या बबनरावांइतका चांगला पंच दुसरा कोण?

सतीश कागद घेऊन घरीच आला. धुरपदानं चहा ठेवला. बबनरावांनी चष्मा लावून वाचलं : सदर जागेवर कधीही बाग विकसित करण्यात आलेली नसून जागा पडीक आहे.

"ही कुठली जागा?" त्यांनी विचारलं.

"तात्या, आपलीच. टाकीखालची."

"आन् मंग तिथं हाय ते काय?"

"ते मला ठावं, तुमाला ठावं. फाईलला ठावं नसलं म्हंजी झालं. फोटो काय, कोपऱ्यातल्या उकिरड्याचा काढू."

बबनरावांनी कागद घडी घालून परत दिला.

मग गावात चर्चा सुटली. कुणी म्हणालं, बबनला नुकसानभरपाई हवी आहे. कुणी म्हणालं, पोराला बंबावर चिकटवायचं आहे. पृथ्वीराज स्वतः आला, ओट्यावर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "तात्या, उद्घाटनाला तुमचा सत्कार करू. फीत तुमच्याच हातानं." बबनराव म्हणाले, "दादा, केंद्र करा. जागा घ्या. मी आडवा येत न्हाई. निस्तं ह्ये लिवू नका." पृथ्वीराजानं फाईलची अडचण पुन्हा समजावून सांगितली. त्याचं चूक नव्हतं. त्याच्या घरच्या म्हशी होत्या त्या.

तो गेल्यावर धुरपदा म्हणाली, "करा की सही. झाडं काय साक्षीला येनार हायेत व्हय?"

"मंग मी काय करत व्हतो गं इतकी वर्सं?" बबनराव म्हणाले.

धुरपदाला नवऱ्याची दया आली, आणि राग आला तो पृथ्वीराजाचा नव्हे, बागेचा. त्या बागेपायी तिनं घरात कधी वेळेवर माणूस पाहिला नव्हता, आणि आता ती बागच नव्हती म्हणायची वेळ आली होती.

बबनरावांनी दोन दिवस विचार केला आणि त्यांच्या पद्धतीनं त्यातून वाट काढली. खोटं लिहायचं नाही, आणि केंद्र तर झालं पाहिजे. ते कचेरीत गेले आणि सतीशला म्हणाले, "बाग न्हाई आसं लिवायचंय ना? मंग सोमवारी या. सोमवारी बाग नसंल. जे दिसंल ते लिवा, मी सही करतो." सतीश खूश झाला. साहेबांना सांगायला धावला.

रविवारी सकाळी बबनराव खुरपं आणि कुदळ घेऊन बागेत शिरले. झेंडू आधी काढला, तो सोपा. वाफेच्या वाफे उपटून बांधावर टाकले. मग शेवंती. मोगऱ्यापाशी आले तेव्हा रस्त्याच्या कडेला बायका जमल्या होत्या. "न्या गं ज्याला पायजे त्यानं," ते म्हणाले. एकही पुढं होईना. आपल्याकडे मागून नेलेलं रोप लागत नाही म्हणतात, चोरून नेलं तरच लागतं. बबनरावांना हे ठाऊक होतं. ते कुदळ टाकून पोपटरावाच्या टपरीवर जाऊन पाठमोरे बसले आणि दोन चहा प्याले. परत आले तेव्हा मोगरा, अनंत, गुलाब, सगळं मुळासकट गेलं होतं. मोगऱ्याच्या आळ्यात कुणाची तरी हिरवी बांगडी फुटून पडली होती. उरलेली कण्हेर त्यांनी कुदळीनं काढली. ती चिवट असते, तिनं संध्याकाळपर्यंत दम काढला. दिवस मावळता ज्यांचे बाक त्यांनी ते उचलून नेले, मग बबनरावांनी विटा रचून ठेवल्या, माती सारखी केली आणि घरी जाऊन न जेवता झोपले.

सोमवारी पृथ्वीराज आला, सतीश आला, फोटो काढणारा आला. सतीशनं चारी बाजूंनी फोटो काढून घेतले. सपाट काळी जमीन. उकिरडा शोधायची गरजच राहिली नव्हती. मग त्यानं कागद पुढं केला, बोट ठेवून जागा दाखवली. बबनरावांनी चष्मा लावला आणि वाचलं.

"ह्ये तर त्येच हाय."

"व्हय की, तेच."

"'कधीही' लिवलंय. आज न्हाई आसं लिवायचं ठरलं व्हतं."

"तात्या, मसुदा वरून ठरून आलाय. त्यातला शब्द मला हलवता येत न्हाई. आन् आता काय फरक पडतो? बघा की, हाय का काय इथं?"

बबनरावांनी बघितलं. मग हातातला कागद खाली करून म्हणाले, "काल दिसभर मी उपटली, ती काय व्हती मंग?"

पृथ्वीराजाला हे ऐकू आलं. तो म्हणाला, "तात्या, तुमच्यावर जबरदस्ती न्हाई. न्हाई करायची तर नका करू." आणि सतीशकडे वळून हळूच म्हणाला, "दुसरे दोघं बघ."

तेव्हा बबनरावांच्या ध्यानात आलं. बाग उभी होती तोवर त्या कागदावर सही करायला गावातला एक माणूस धजला नसता. फुलांच्या समोर उभं राहून फुलं नाहीत कोण म्हणणार? म्हणून तर सगळे त्यांच्या ओट्यावर येत होते. आता सही कुणाचीही चालत होती. खोटं बोलायला नको म्हणून त्यांनी बाग काढली, आणि खोटं बोलणं गावाला सोपं करून ठेवलं. ते बाजूला सरकले. अडवायचं नाही म्हणाले होते, ते त्यांनी पाळलं.

सतीशनं टपरीवरून पोपटरावाला आणलं. पोपटरावानं हात धोतराला पुसले, बबनरावांकडे न बघता सही केली आणि म्हणाला, "गावाचं काम हाय, बबन." एवढं बोलून तो टपरीकडे गेला. दूध उतू जात होतं म्हणे.

दुसरा पंच मिळेना. आजूबाजूची माणसं हळूहळू पांगली होती. शेवटी समोरच्या भाड्याच्या खोल्यांमधून एकाला बोलावलं. कुरकुंभच्या कारखान्यात कामाला आलेला बिहारचा माणूस. गावात येऊन त्याला आठवडा झाला होता, रात्रपाळी करून नुकताच पडला होता. त्यानं कागद उलटा-सुलटा केला. "क्या लिखा है?"

"जागा खाली है, बस," सतीश म्हणाला.

त्यानं जागेकडे बघितलं. खालीच होती. पेन हातात घेऊन, रीत म्हणून, त्यानं शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, "पहले यहाँ क्या था, चाचा?"

"बाग व्हती," बबनराव म्हणाले. "माझी."

"अच्छा," तो म्हणाला, आणि सतीशनं बोट ठेवलं होतं तिथं त्यानं सही केली.